मी सुचवलेला माहितीपट

शेजारच्या सुधाताई काल सकाळी फाटकापाशी आपल्या यजमानांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवत होत्या. तिच्यावर नाव, पत्ता, फोन नंबर. ते पाहून मी जागीच थांबले. आठवड्यापूर्वी मीच त्यांना एक माहितीपट सुचवला होता, स्मृती हरवत चाललेल्या एका शिक्षकाचा. "दोघं मिळून बघा, विचार करायला लावतो," असं अगदी सहज म्हणाले होते. तेव्हापासून सुधाताई मला टाळतायत असं वाटत होतं.

चांगलं काही पाहिलं की मला राहवत नाही. भेटेल त्याला सांगत सुटते. पण अशी खऱ्या माणसांची गोष्ट कुणाच्या घरी कोणत्या दुखऱ्या जागी जाऊन लागेल, हे मला कुठे ठाऊक असतं?

यजमान फिरायला निघाले, तशी मी पुढे झाले. "सुधाताई, माझं चुकलं का हो?"

"अर्धा बघून झाला तेव्हा त्यांनी माझा हात धरला," त्या म्हणाल्या. "म्हणाले, मलाही असंच होतंय. वर्षभर तुझ्यापासून लपवतोय."

मी त्यांच्या शेजारी फाटकाला टेकून उभी राहिले.

"कळलं ते बरंच झालं," रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "पण एकट्यानं फिरायचा हट्ट सोडत नाहीत. कोपऱ्यावर वळले की माझा श्वास अडकतो."

ते कोपऱ्यावर वळले. त्यानंतर आम्हा दोघींनाही घरात जाववेना.