शेंडेनक्षत्र आणि ठरलेलं लग्न

संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे सभा भरायची, ते दिवस. संध्याकाळी काळाचौकीच्या आमच्या चाळीत पुरुषमाणूस औषधालाही सापडायचं नाही. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकतीच लागले होते, चौथीला शिकवायचे. दोन खोल्या पलीकडे माझी जिवाभावाची मैत्रीण राहायची. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं.

एप्रिलअखेर एका संध्याकाळी ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी माझ्या दारात आली. "सासूबाई म्हणतात, आता दिवाळीनंतर बघू. आकाशात शेंडेनक्षत्र आलंय म्हणे."

धूमकेतूची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती, दादरच्या वाचनालयातून एक पुस्तकही आणलं होतं. "चप्पल घाल," मी म्हटलं. "आत्ताच जाऊ त्यांच्याकडे."

तिची होणारी सासू लालबागला राहायची. गिरणीत वाईंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. नवरा लवकर गेला, दोन मुलं तिने एकटीने वाढवली. आम्हाला बसायला पाट दिला, चहा टाकला आणि शांतपणे म्हणाली, "मी ल्हान आसताना असोच तारो इल्लो. त्याच वर्सा माझो बापूस गेलो. माका काय शिकवतंस गो बाय?"

लहानपणी बाप गमावलेल्या बाईशी वाद तरी काय घालणार? मी देव्हाऱ्यातली पेटती उदबत्ती मागून घेतली आणि मैत्रिणीला हातपंख्याने वारा घालायला लावलं.

"मावशी, हा पंखा म्हणजे सूर्य. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा, भुशात लोळवलेल्या बर्फाच्या लादीसारखा. लांब असतो तोवर कुणाला दिसत नाही. सूर्याजवळ आला की तापतो, त्याची वाफ होते, धूळ सुटते आणि ती उन्हात चमकते. तीच त्याची शेंडी." मी उदबत्ती पंख्याभोवती फिरवली. धूर दरवेळी पंख्यापासून लांब पळत होता. "शेंडी नेहमी अशीच, सूर्याच्या उलट्या बाजूला."

तिने धुराकडे नीट पाहिलं. "आणि तू बघलंस तो तारो?"

"नाही."

"मीव नाय बघलंय. दाखव."

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर आम्ही तिघी मावशीच्या चाळीच्या गच्चीवर गेलो. वायव्येला गिरण्यांची धुराडी आणि धुराचा पडदा, बाकी काही नाही. 'खंय आसा तुझो तारो?' असं तिने विचारलं असतं तर मला बोलायला तोंड नव्हतं. खाली उतरताना मला माझी चूक कळली. धूमकेतू सूर्याच्या मागोमाग मावळतो, म्हणून अंधार पडल्यावर थोडाच वेळ आणि क्षितिजाच्या जवळच दिसणार. मोकळं क्षितिज हवं, म्हणजे समुद्र हवा.

तिसऱ्या दिवशी मावशीची गिरणीतली पाळी सुटल्यावर आम्ही वरळी कोळीवाडा गाठला. सुकत घातलेले बोंबील आवरणाऱ्या एका कोळणीने हाताने दिशा दाखवली. ती म्हणे चार दिवस बघत होती. खडकांवर बरीच माणसं जमली होती. पश्चिमेची लाली विरेना, त्यात खाली ढगाचा एक पट्टा. कुणीतरी सभेतल्या सुरात ओरडलं, "दिसलाच पाहिजे!" आणि सगळा किनारा ओरडायला लागला, "दिसलाच पाहिजे!" मावशीही हसली.

आणि तो दिसला. आधी एक अंधुक ठिपका, मग त्यातून वर गेलेला पिसासारखा उजेड, अंधार वाढेल तसा लांब होत जाणारा.

"शेंडी वर," मावशी पुटपुटली. "सूर्य खाली. बरोबर हा." मग तिने बोट उचललं. "पण ही बारीक सुई खाली गेली हा, ती? ती सूर्याकडेच हा."

खरंच होतं. माझ्या सगळ्या शिकवणीविरुद्ध, सूर्य बुडाला त्या बाजूला एक बारीक रेघ निघाली होती. "माहीत नाही, मावशी," मी म्हटलं.

तिने बोट खाली घेतलं. "माहीत नाय म्हणालंस. म्हणान बाकीचा खरा मानतंय." मग होणाऱ्या सुनेकडे वळून म्हणाली, "लगीन ठरल्या दिवशीच होतला."

मैत्रिणीने मला अशी मिठी मारली की आम्ही दोघी खडकावरून घसरता घसरता वाचलो.

त्या रेघेचं उत्तर मला पुढे मिळालं. धूमकेतूने वाटेत टाकलेली धूळ एका पातळ थरात पसरते. पृथ्वी त्या थराच्या पातळीत आली की तो कडेने दिसतो, सुईसारखा, आणि सूर्याकडे गेल्याचा भास होतो. मी धावत जाऊन ते मावशीला सांगितलं.

पण त्याआधीच तिने अख्ख्या वाईंडिंग खात्यात बातमी पोचवली होती. तारा दिसला त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी मी पुन्हा वरळीला गेले, तर वीस-बावीस बायका माझी वाट बघत उभ्या होत्या. कामावरून थेट आलेल्या, केसांत कापसाचे तंतू तसेच. मावशी सगळ्यांच्या पुढे होती. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सुरुवात केली, "बर्फाचो गोळो आसता तो, घाबराचा नाय," आणि मी मागे उभी राहून ऐकत राहिले.