खुनी कोण, ते सांगून टाकलं

नातवंडांपासून लपवलेला एक गाढवपणा माझ्या नावावर आहे, आणि तोही दयाबुद्धीने केलेला. तेव्हा मी नुकती निवृत्त झालेली शिक्षिका होते, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजत होते.

देवबागला आमच्या दारी एक मासेवाली यायची. नाव मी कधी विचारलं नाही. तिला वाचता येत नसे, म्हणून ती मासे साफ करीपर्यंत मी तिला एक रहस्यकादंबरी रोज थोडी वाचून दाखवी. नायिकेला आपल्याच घरातल्या कुणाचा तरी संशय येई, आणि इकडे बांगड्यावरची सुरी थांबे.

"भायरच्या चोराक कोण भिता, बाईनू?" ती म्हणे. "घरातल्याचा भय वायट."

मग दिवसभर दारोदार फिरताना ती विचार करी आणि दुसऱ्या सकाळी नवा खुनी घेऊन येई. कधी नवरा, कधी सासू, एकदा तर खुद्द नायिकाच.

एकदा ती आठ दिवस लेकीच्या सासरी, दोडामार्गला निघाली. तिचा जीव टांगणीला नको, म्हणून मी खुनी कोण ते सांगून टाकलं. तिने उचललेली पाटी परत खाली ठेवली.

"बाईनू, ह्यो खुनी शोधीत आठ दिस काडूचे होते माका. आता थंय बसान काय करू, विहिणीचा तोंड बघू?"