टाळूवरून बोट

माझी पोस्टिंग डॉग युनिटमध्ये झाली तेव्हा मला कुत्र्यांची भीती वाटायची. भरतीच्या वेळी हे कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी सौंसरजवळच्या बोरगावचा. घरी एक बैलजोडी, थोडा कापूस, थोडी संत्र्याची झाडं. फौजेत गेलो की रायफल मिळेल एवढंच डोक्यात होतं. रायफल मिळाली. सोबत सहा पिल्लंही मिळाली.

ट्रेनिंग सेंटर उत्तरेत होतं. सकाळी फॉल इन, मग केनेलची सफाई, ग्रूमिंग, फीडिंग, त्यानंतर ग्राउंड. मोठे कुत्रे शिस्तीचे असतात. पिल्लांना शिस्त नसते, त्यांना दात असतात. कुत्रा जग नाकानं ओळखतो असं आम्हाला वर्गात शिकवलं गेलं. पिल्लू ते दातांनी ओळखतं हे आम्ही ग्राउंडवर शिकलो. काडी, ढेकूळ, दोरी, बुटाची लेस, वाळलेलं शेण, काहीही चालायचं. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या सुभेदार साहेबांनी बगलेतली वेताची छडी, म्हणजे केन, जरा भिंतीला टेकवली आणि रजिस्टर पाहायला घेतलं. केन परत उचलली तेव्हा ती वीतभर आखूड झाली होती. साहेबांनी केनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सावधानमध्ये उभा होतो. पिल्लू तेवढं खोकलं.

माझे उस्ताद होते लान्स नाईक देवराव. ते पांढुर्ण्याला लागून असलेल्या सावरगावचे. मध्ये फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांचे लोक त्या नदीत समोरासमोर येऊन एकमेकांवर दगड फेकतात, तसा तिथला रिवाजच आहे. त्यात लहानाचा मोठा झालेला माणूस कुत्र्याच्या दाताला काय भिणार? ड्यूटीवर ते मला हिंदीत झापायचे आणि बराकीत आमच्या बोलीत समजूत घालायचे. साऱ्या सेंटरमध्ये ती बोली बोलणारे आम्ही दोघंच होतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन नियम सांगितले. पहिला, रोज सकाळी प्रत्येक पिल्लाचं तोंड उघडायचं आणि टाळूवरून बोट फिरवायचं, मागून पुढे. दुसरा, जबडा लोंबत असेल आणि लाळ गळत असेल तर तोंडात हात घालायचा नाही, डॉक्टर साहेबांना बोलवायचं. कुत्रा पिसाळला की तो असाच दिसतो.

तोंड उघडायची त्यांची एक पद्धत होती. पंजा नाकाडावरून टाकायचा, एका बाजूनं अंगठा, दुसऱ्या बाजूनं बोटं, आणि पिल्लाचेच ओठ त्याच्या दातांवर आत दुमडायचे.

"आता चावून पाहू दे त्याले," ते म्हणायचे. "आंधी त्याचाच ओठ सापडते."

सहा पिल्लं, रोज सहा टाळू. मला कंटाळा यायचा. "भाऊ, रोज काय सापडून राहिलं तिथं?" मी एकदा विचारलं.

"ज्या दिवशी नाई पाहिलं त्या दिवशी सापडते," ते म्हणाले.

पुढे आम्हा दोघांना एकाच फील्ड युनिटमध्ये पाठवलं. ईशान्येकडचे डोंगर, पाऊस, जळवा. देवराव भाऊंचा डॉग रॉकी, मोठ्या डोक्याचा काळा लॅब्राडोर. एका सकाळी ते दोघं गस्तीच्या तुकडीपुढे, म्हणजे पेट्रोलपुढे, वाटेतले बॉम्ब हुंगत निघाले. माझा डॉग पायाला जखम होऊन केनेलमध्ये होता, म्हणून मी कॅम्पवर रेडिओच्या बाजूला बसलो होतो.

"बेस, पेट्रोल बोलतोय. ब्लास्ट झालाय. ओव्हर."

"कॅज्युअल्टी सांगा. ओव्हर."

"एक जवान. एक डॉग. ओव्हर."

कोण, ते विचारावं लागलं नाही. त्या पेट्रोलबरोबर एकच डॉग होता. मी उठलो आणि केनेलमध्ये जाऊन माझ्या डॉगचं तोंड उघडून पाहिलं. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी मला रजा मिळाली. घरी बायको-लेकरांकडे जाण्याआधी मी पांढुर्ण्याला उतरलो आणि नदी ओलांडून सावरगावला गेलो. कापूस वेचून झाला होता. लोकांनी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून सरपणासाठी घराघरापुढे रचली होती. गंगाबाईंच्या, म्हणजे देवराव भाऊंच्या आईच्या अंगणातही पऱ्हाटीचा ढीग होता आणि त्या ढिगात चार पिल्लं होती. एक संत्र्याची साल खात होतं, दोघं एका तुराटीची दोन टोकं ओढत होती, चौथं गोवरीवर बसून गोवरीच खात होतं. त्यांची आई, काळी नावाची कुत्री, सावलीत पडून होती. शेवटच्या रजेत देवराव भाऊंनीच तिला स्टेशनवरून उचलून आणलं होतं.

"जय भीम, माय."

"जय भीम, बापा. चप्पल उचलून ठेव आंधी," त्या म्हणाल्या. "नाई त अनवाणी जाशीन बोरगावले."

मी चप्पल छपरावर ठेवली. त्या हसल्या. इतके दिवस या भेटीची मला धास्ती होती, ती तिथंच निम्मी उतरली. चहा झाला, रडूनही झालं. रात्री मी तिथंच राहिलो.

सकाळी आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. गोवरीवाल्या पिल्लाचं नाव बंड्या. त्याचा जबडा लोंबत होता. लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. पुढच्या पंजांनी ते तोंड ओरबाडत होतं आणि गोल गोल फिरत होतं. कुंपणाजवळ पाच-सहा माणसं जमली होती. पुढे शेजारचे किसनभाऊ, हातात काठी. मागच्यांच्या हातात दगड, आणि सावरगावच्या दगडाचा नेम सहसा चुकत नाही.

"पिसायलं हाय ते," किसनभाऊ म्हणाले. "गेल्या साली असंच कुत्रं चावून माहा बैल मेला. माही पोरगी रोज या पिल्लासंगं खेयते. बाजूले व्हा, माय."

गंगाबाई बाजूला झाल्या नाहीत. त्या पिल्लापुढे उभ्या राहिल्या. "देवरावच्या काळीचं पिल्लू हाय हे," एवढंच म्हणाल्या.

किसनभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काठीच घेतली असती. ढोरांच्या दवाखान्यात माणूस धाडला होता. तो सांगत आला की डॉक्टर दौऱ्यावर गेलेत, संध्याकाळी येतील. संध्याकाळपर्यंत कोणी थांबणार नव्हतं.

माझ्यापुढे दोन नियम होते. टाळू पाहायची. जबडा लोंबत असेल तर हात घालायचा नाही. दोन्ही एकाच माणसानं शिकवलेले, आणि विचारायला तो माणूस नव्हता. काल दिवसभर पिल्लं पऱ्हाटी चावत होती, म्हणजे काडी अडकली असेल. पण पिसाळलेलं कुत्रंही घशात काही अडकल्यासारखंच करतं. लांबून पाहून फरक कळत नाही. चुकलो तर पोटात चौदा इंजेक्शनं, तीही वेळेवर मिळाली तर. मला भीती वाटली. बॉम्ब शोधताना वाटायची त्याहून जास्त वाटली.

माझी घालमेल गंगाबाईंनी ओळखली असावी. त्यांनी लुगड्याचा पदर खोचला.

"तू राहू दे, पल्लाद. तुह्या मांगं लेकरं हायत. मी घालतो हात. माह्या मांगं कोण हाय आता?"

त्या खाली वाकल्या. मग मला विचार करायची गरज उरली नाही. एका घरातून दोन माणसं मी जाऊ देणार नव्हतो.

"माय, मांगं हो," मी म्हणालो. आवाज बहुधा परेडचा निघाला, कारण त्या खरंच मागे झाल्या. "किसनभाऊ, काठी ठेवा. पोतं आना. बेलनं आना. चिमटा आना."

ऑर्डर मिळाली की माणूस हलतो. किसनभाऊंनी काठी टाकली आणि पोतं घेऊन आले. आम्ही बंड्याला मानेपर्यंत पोत्यात घातलं. किसनभाऊंनी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि चेहरा दुसरीकडे वळवला. मी हाताला धोतराचं फडकं गुंडाळलं, पंजा नाकाडावरून टाकला आणि ओठ दातांवर दुमडले. लाटणं सुळ्यांच्या मागे आडवं दिलं. गंगाबाई बॅटरी घेऊन बाजूला येऊन बसल्या. मी नको म्हणालो नाही.

टाळूला आडवी, दोन्हीकडच्या दाढांमध्ये घट्ट बसलेली पऱ्हाटीची काडी होती. करंगळीएवढी जाड. आजूबाजूचं मांस सुजलं होतं आणि वास येत होता. तसा वास मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही वेळी आनंदानं घेतला नसता.

"काडी हाय," मी म्हणालो.

मागे एक दगड जमिनीवर पडला, मग दुसरा.

काडी मागे सरकली असती तर घशात गेली असती. चिमट्यानं एक टोक धरलं, दाढेपासून सोडवलं आणि पुढे ओढलं. निघाली. बंड्यानं तोंड मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. पोत्यातून सुटल्यावर ते आधी पाण्याच्या भांड्याकडे गेलं आणि भांडं रिकामं करूनच थांबलं. मग परत आलं आणि माझं लक्ष जायच्या आत लाटणं उचलून पळालं.

"पाह्य लेकाले," किसनभाऊ म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

लोक पांगले. गंगाबाई माझ्या हातावर साबण आणि पाणी घालत होत्या. मी कोपरापर्यंत हात घासत होतो. त्या बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिल्या.

"ते ओठ दुमडनं तुले कोणं शिकवलं?"

"देवराव भाऊनं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"बारका होता तवा माती खाये तो," त्या म्हणाल्या. "काड्या खाये, सरकी खाये. मी वावरात निंदाले जावो, त्याले धुऱ्यावर झोपवो. वापस आली का आंधी तोंडात बोट घालून पाहो. रोजच. चावे लेकाचा. म्हणून त्याचाच ओठ त्याच्या दातावर दाबो." तांब्या परत उचलत म्हणाल्या, "मले वाटे, इसरला असन."

"नाई, माय," मी म्हणालो. "रोज करे."

मला वाटत होतं की तो नियम सेंटरचा आहे. पुढे मी हवालदार झालो, पिल्लांच्या लाइनवर उस्ताद म्हणून आलो, तेव्हा ट्रेनिंगची सगळी पुस्तकं चाळली. ओठ दुमडायची पद्धत त्यांत होती. रोजचं बोट नव्हतं.

त्यानंतर दर रजेला मी सावरगावला जायचो. चप्पल छपरावर ठेवायची, चहा घ्यायचा. अंगणात काळीची पिल्लं, मग तिच्या पिल्लांची पिल्लं पऱ्हाटी फोडत असायची. गंगाबाई सकाळी त्यांना ओळीनं बसवायच्या आणि एकेकाचं तोंड पाहायच्या. ओळ चांगली नसायची, पण पाहणी पक्की असायची. आता त्याही नाहीत.

सेंटरमधल्या स्मारकाच्या दगडावर लान्स नाईक देवराव यांचं नाव आहे, खाली रॉकीचं आहे. नवे रिक्रूट आले की मी त्यांना पहिल्या दिवशी तिथं नेऊन सॅल्यूट करायला लावायचो आणि तिथून थेट केनेलमध्ये न्यायचो. एकदा एका पंजाबी पोरानं विचारलं, "उस्ताद, रोज रोज टाळू क्यों देखना? किताब में तो नहीं है."

"नहीं है," मी म्हणालो आणि केनेलच्या दारातून दिसणाऱ्या दगडावरच्या देवराव भाऊंच्या नावाकडे बोट केलं. "इनकी माँ देखती थी."

त्यानं वळून दगडाकडे पाहिलं. मग बाही वर केली आणि पहिल्या पिल्लाचं तोंड उघडलं.