टोबिनचे नारिंगी बोये

व्हर्ना प्लमरच्या तळघराला गेली चाळीस वर्षं थंडीभर ऑइलपेंटचा वास येतो. नवरा ऑरिन आणि मुलगा टोबिन, दोघेही शेवंड पकडणारे. पाण्याखालच्या सापळ्यांची खूण म्हणून वर तरंगणारे बोये रंगवणं हे तिचं काम. ऑरिनचे पांढरे-हिरवे, टोबिनचे नारिंगी, मधे काळा पट्टा. इथे अमेरिकेत, मेन राज्याच्या किनाऱ्यावर ज्याचे त्याचे रंग ठरलेले. दुसरा कोणी ते लावत नाही.

सार्डिन मासळी डबाबंद करणारा कारखाना बंद पडल्यापासून गाव शेवंडांवर जगतं, आणि उन्हाळ्यात दीपगृह बघायला येणाऱ्या पाहुण्यांवर. त्यांना जुने बोये भिंतीवर टांगायला हवे असतात. टोबिनचा एक बोया मागायला आलेल्या बाईला व्हर्नाने चहासुद्धा विचारला नव्हता.

टोबिन चार वर्षांपूर्वी टेक्सासला पवनचक्क्यांच्या कामावर गेला. शेवंडांचा परवाना दरवर्षी डिसेंबरअखेर नवा करावा लागतो. एकदा चुकला की रांगेत शेवटी, आणि रांग दहा-बारा वर्षांची. म्हणून व्हर्ना दर नोव्हेंबरात त्याला अर्ज पाठवायची आणि तो सही करून परत धाडायचा. त्या सहीवर ती पुढचं वर्ष काढायची. कोणी पाण्यात टाकणार नसलं, तरी त्याचे बोये रंगवून ठेवायची.

माझी मुलगी मार्नी त्याच रांगेत अकरा वर्षं उभी होती. आमच्या भागात तिघांनी परवाना सोडला की एकाला मिळतो. यंदा दोघांनी सोडला होता आणि पुढचा नंबर मार्नीचा होता. व्हर्नाला हे ठाऊक होतं. तरी मी रोज तिच्याकडे कॉफीला जायचे. ती खिडकीतून टपालपेटीकडे बघायला लागली की मी कपात बघत बसायचे.

डिसेंबर संपत आला तरी अर्ज परत आला नाही. ऑरिन म्हणायचा, "त्याला तिकडे वाळूत शेवंडं सापडली असतील. आपल्याला कशाला सांगेल?" पण टपालगाडी वाजली की आधी तोच दाराशी जायचा.

अठ्ठावीस तारखेला दुपारी मी तिथे असतानाच टोबिनचा फोन आला. व्हर्ना बराच वेळ नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. जेवलास का?" आणि फोन ठेवला.

मग तिने मला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "आई, मी परत येईन असं तुला वाटावं म्हणून सही करत होतो. आता नाही करत."

ती तळघरात गेली, मी मागोमाग. तिने अर्धवट राहिलेला बोया मांडीवर घेतला आणि नारिंगीत ब्रश बुडवला. मी म्हटलं, "राहू दे ना आता."

"अर्धा रंगवून ठेवत नाहीत," ती म्हणाली. थोड्या वेळाने, वर न बघता, "मार्नीला सांग, हवा तो रंग घे म्हणावं. नारिंगी तेवढा सोडून."

अकरा वर्षं या बातमीची वाट बघितली होती. आता मला दिसत होती ती पहाटेच्या धुक्यात एकटीच बोट घेऊन निघालेली मार्नी. मी काळ्या रंगाचा डबा उघडला आणि वाळलेल्या एका बोयावर पट्टा ओढायला बसले. पट्टा वाकडा आला. एरवी तिने तो पुसायला लावला असता.