भावजींचं होल्स्टर

पिस्तुलाबद्दल चकार शब्द न काढता पिस्तुलाच्या कव्हराबद्दल तीन तास बोलू शकणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे भावजी. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरल्या एका वाडीतून ते सैन्यात गेले, तिथे शस्त्रं दुरुस्त करण्यात जन्म घालवला आणि हवालदार होऊन परतले. वाडीतले बाकीचे निवृत्त फौजी बर्फाच्या आणि गोळीबाराच्या गोष्टी सांगत. भावजींच्या सगळ्या गोष्टी अडकण्याच्या. अमक्या साहेबाचं होल्स्टर गाडीच्या दारात अडकलं, तमक्याचं मांडीवरून गुडघ्यापर्यंत घसरलं, तिसऱ्याचं इतकं घट्ट की पिस्तूल उपसायला दोन जवान लागले. "पिस्तूल वर्षातनं एकदा काढायचं, मास्तर," ते मला सांगत. मी महाडच्या शाळेत शिक्षक, म्हणून मेहुणा असूनही त्यांच्या लेखी कायमचा मास्तर. "बसायचं नि चढायचं रोज असतं. उभ्यानं कुणालापण बरं वाटतं. होल्स्टर बसून बघायचं."

आणि ते बसून बघत. शिवणीच्या लाकडाचं एक पिस्तूल त्यांनी कोरलं होतं. वजन खऱ्याइतकं भरावं म्हणून त्याच्या पोटात खिळे ठोकले होते. एक होल्स्टर शिवून झालं की ते अंगावर चढवून भावजी आठवडाभर हिंडत. शेअर जीपमध्ये मुद्दाम मधल्या सीटवर, दोन जाड माणसांच्या मध्ये बसत. करवंदीच्या जाळीतून आडवे जात. उमरठला एका लग्नात पंगतीत मांडी घालून बसले आणि भात वाढायला आलेल्या वरबापाला कमरेला पिस्तूल दिसलं. बिचारा पातेलं तिथेच ठेवून मागे सरकला. भावजींनी त्याला शांतपणे सांगितलं की नळी मांडीला टोचते आहे, अर्धा इंच वर घ्यावं लागेल. पोलादपूरच्या स्टँडवर एका पोलीस हवालदाराने त्यांना हटकलं तेव्हा त्यांनी त्याच्याच होल्स्टरचं बटण कसं ढिलं आहे ते त्याला समजावलं, आणि पुढच्या आठवड्यात तो हवालदार बटण बदलून घ्यायला वाडीवर हजर झाला. शिवथरच्या घळीला आम्ही सगळे दर्शनाला गेलो होतो. बाकीचे हात जोडून उभे, आणि हे गृहस्थ धबधब्याच्या तुषारांत एक कातडी होल्स्टर धरून चामडं फुगतं का ते बघत उभे. ताईने त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते संध्याकाळपर्यंत लक्षातही आलं नाही.

माझी मुलगी सैन्यात अधिकारी झाली तेव्हा मला झाला त्याच्या दुप्पट आनंद त्यांना झाला. खऱ्या पिस्तुलाची गरज असलेलं माणूस अखेर घरातच मिळालं होतं. तिची बदली बर्फातल्या एका चौकीवर होणार म्हटल्यावर ते टेप घेऊन महाडला उतरले आणि वधूपरीक्षेत होते त्याहून कडक तपासणी मुलीची केली. गाडीत जास्त बसणार की पायी चढणार, हातमोजे किती जाड, उजव्या हाताला जखम झाली तर डावा कुठवर पोचतो. शेवटी निकाल दिला, "कमरेला बांधशील तर बुलेटप्रूफ जाकिटाखाली दबंल. मांडीला बांधशील तर गाडीत अडकंल. छातीवरच हाय ते बरं." मग ते शिवायला बसले. तीन महिने बसले. तोवर ती चौकीवर गेलीसुद्धा.

होल्स्टर घेऊन ते आले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. जुन्या फौजी पिशवीचं जाड कापड, कडांना तपकिरी चामडं, वर करंजेलाचा वास, आणि छातीभोवती घ्यायला घोड्याला शोभेल असा पट्टा. सोबतचे अधिकारी माझ्या मुलीला हसतील असं माझ्या मनात आलं. मी मोबाइलवरून एक काळं, मांडीला बांधायचं, सिनेमात असतं तसं होल्स्टर मागवलं आणि ते तिला पाठवलं. भावजींचं कपाटात, जुन्या चादरींखाली ठेवून दिलं.

त्यांची एकच मागणी होती. "पट्ट्याला पाच भोकं हायत. कितव्यात बसतो तेवढं पोरीला इचारा. मग दुसरं मापात करीन." चौकीवरून तिचा फोन पंधरवड्यातून एकदा यायचा, तोही आमच्याकडे, दोन मिनिटांचा. भावजी दर बाजारच्या दिवशी महाडला येऊन विचारत, आणि मी विसरलो म्हणून वेळ मारून नेई. एकदा कंटाळून म्हणालो, "तिसऱ्या भोकात. झकास बसलं म्हणाली."

"तिसऱ्या?" ते म्हणाले. मग चहा संपवला आणि म्हणाले, "बरं हाय."

त्यानंतर त्यांनी होल्स्टरचा विषय कधी काढला नाही. मला वाटलं, सुटलो. गेल्या थंडीत भावजी गेले. मुलगी तेव्हा चौकीवरच होती.

सुट्टीवर आली तेव्हा तिनेच हसत सांगितलं की ते काळं होल्स्टर पहिल्याच आठवड्यात जीपच्या दारात अडकलं आणि ती तोंडावर आपटली. मग कुणाचं तरी जुनंपानं वापरून दिवस काढले. "काकांना एक करायला सांगायचं होतं," ती म्हणाली, "पण ते थकले असतील म्हणून बोलले नाही."

मी उठलो, चादरींखालून होल्स्टर काढलं आणि तिच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं. तिने आतून तिचा बर्फातला जाड कोट आणला, घातला, वर पट्टा आवळला. पाचव्या, अगदी शेवटच्या आणि सगळ्यात सैल भोकात तो नेमका बसला.

"तिसऱ्यात बसवायचा तर मला कोट काढावा लागेल, बाबा," ती म्हणाली. "बर्फात कोण कोट काढतं? काकांना हे कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?"

मला तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन ताईकडे गेलो आणि तिच्यापुढे सगळं कबूल केलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी बाजारातनं आले ते थेट पडवीत जाऊन बसले. म्हणाले, पोरीला पसंत नाय पडलं वाटतं. मास्तर मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलला, भला माणूस हाय."

मला भला म्हणून गेले, आणि माझ्या मुलीने आपलं काम नापसंत केलं असं समजून गेले. यातलं दुसरं मला जास्त लागतं, पण झोप पहिल्यानेच उडते. त्यांच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला एक पार्सल आणि एक फोन पुरला असता.

ताईने लाकडी पिस्तूल मुलीला दिलं. तिने ते छातीवरच्या होल्स्टरमध्ये घातलं, हातमोजे चढवले आणि भावजींच्या पडवीतल्या बाकड्यावर बसून डाव्या हाताने काढून बघितलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. ताई दारात उभी राहून बघत होती.

आता ती पुन्हा वर आहे. होल्स्टर घेऊन गेली आहे. पंधरवड्याने फोन आला की खुशाली सांगायच्याही आधी ती म्हणते, "पाचव्याच भोकात, बाबा. अडकत नाही." मी बरं म्हणतो, आणि बाजारच्या दिवशी पोलादपूरची जीप धरून ताईला तेवढं सांगून येतो.