सासुरवाडीत बॅटरी लावली

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून मी न विचारता सल्ला देणारा माणूस झालो. (आधीही होतो, असं बायको म्हणते.) मी निपाणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे बॅटरी घरात कशी चार्ज करावी, यावर माझी व्याख्यानं जिन्यात, दुधाच्या रांगेत, एकदा तर मयताच्या घरीही झाली होती.

तर थंडीतल्या एका रविवारी वैशालीला, म्हणजे बायकोला, मागे बसवून मी थेट बेळगुंदीला सासुरवाडी गाठली. गाडी एवढा पल्ला मारेल का, अशी तिला शंका होती. मारला! गावात शिरताना बॅटरीत जीव उरला नव्हता, पण शिरलो ते हॉर्न वाजवत.

बॅटरी काढून मी घराच्या पुढच्या सोप्यात आणली. माझे सासरे, म्हणजे मामा, म्हणाले की आत कॉटवर ठेवा, ऐसपैस जागा आहे. झालं! मी सुरू झालो. कॉटवर नाही, गादीवर नाही, उघड्या फरशीवरच. दारात नाही, पळायला वाट मोकळी हवी. चार्जर गाडीबरोबर आलेलाच. आणि गाडी चालवून आणली की बॅटरी आधी निवू द्यायची, मगच लावायची. (हे सांगता सांगता मी ती लावलीसुद्धा. परतायची घाई होती.) सासूबाई, म्हणजे मामी, पदराला हात पुसत मन लावून ऐकत होत्या. त्यांना एवढं शास्त्र कशाला, म्हणून मी सोपं करून सांगितलं, "मामी, हिला तान्ह्या बाळावानी जपायचं बघा."

"व्हय जावयबापू," मामी म्हणाल्या.

जेवायला कोंबडीचा रस्सा होता. दुसऱ्या भाकरीला कसलातरी वास आला. मामींना वाटलं भाकरी करपली. मामांना वाटलं शेजाऱ्यानं पाला पेटवला. आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, म्हणालो की रश्श्याला धुरकट वास फक्कड उतरलाय.

वैशाली मात्र उठून सोप्यात गेली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, तुमची बॅटरी निजलीय."

चार्जरसकट ती गोधडीत गुरफटलेली होती. पार कानापर्यंत!

"वारं लई सुटलंतं," मामी म्हणाल्या. "तुमीच म्हनलासा न्हवं, बाळावानी जपा म्हणून."

मी रश्श्याच्या हातानं बटणाकडे झेपावलो. वैशालीनं माझं मनगट धरलं आणि कोरड्या हातानं मेन स्विच पाडला. (ती कॉमर्सची आहे.) मग मी काठीनं गोधडी ओढली. चार्जर मेणासारखा मऊ झालेला, गोधडीला हे एवढं काळं भोक, आणि बॅटरी हात लावू नये इतकी तापलेली. सगळ्यांना बाहेर काढलं. म्हशीलाही सोडलं.

अंगणात लांब उभं राहून आम्ही सगळे उघड्या दारातून त्या डब्याकडे बघत राहिलो. गल्लीतली माणसं जमली. काय झालंय हे कळेना, तरी कुणी हलेना. मामा म्हणाले की म्हैस व्याली तेव्हाही एवढं कुणी बघायला आलं नव्हतं.

मामी तेवढ्या बॅटरीकडे बघत नव्हत्या. गोधडीचं भोक बोटांनी चाचपत होत्या. ती त्यांच्या आईच्या लुगड्यांची होती, हे मला तेव्हा कळलं. नवी आणून देतो म्हणालो, तशी माझंच तोंड बघून त्यांना वाईट वाटलं असावं.

"नवी काय करायची? ठिगळ लावीन मी," त्या म्हणाल्या. "तुमी जेवून घ्या आदी. निम्मंच जेवलायसा."

दिवस कलला तशी बॅटरी निवली. पण चार्जर मेलेला, आणि तपासून घेतल्याशिवाय ती बॅटरी पुन्हा लावायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच. शेवटी रताळ्यांची पोती घेऊन बेळगावला निघालेल्या टेम्पोत गाडी चढवली. बॅटरी पोत्यांपासून लांब, लोखंडी घमेल्यात. वैशालीनं सकाळच्या बसनं येते म्हणून सांगितलं आणि माहेरीच राहिली. मी ड्रायव्हरशेजारी.

थोडं अंतर गेल्यावर ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं आणि कौतुकानं म्हणाला, "गाडी भारी हाय सर. किती देते?"

"तुमचा टेम्पो किती देतो?" मी विचारलं.

"बारा देतोय की."

"मग सध्या बाराच."