बारावी मूठ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, सून कामाला खंदी आहे, पण तोंडाला कुलूप नाही. बत्तीस वर्षं झाली, कुलूप काही बसलं नाही. फक्त एका माणसापुढे ते आपोआप बसायचं. ते म्हणजे माझे जेठ, यांचे थोरले भाऊ. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाशी समोरासमोर बोलायचं नसतं. डोक्यावर पदर घ्यायचा, आणि काही सांगायचंच झालं तर मधे कोणाला तरी धरायचं. नवरा असेल तर नवरा, पोरगा असेल तर पोरगा, कोणीच नसेल तर भिंत. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी आबांशी भांडले. नातीला मधे धरून भांडले आणि जिंकले. उगाच विनय कशाला दाखवू? जिंकलेच.

नात तेव्हा दीड वर्षाची होती. माझ्या मुलाची मुलगी, घरातली एकुलती एक पोरगी. चालणं तिला माहीतच नव्हतं, ती पळायचीच. अंगणातून केळीच्या बागेत, बागेतून परत चुलीपाशी, आणि तिच्यामागे दिवसभर मी नाही तर सून. खाण्याच्या नावानं मात्र शंख. भात दिला तर थुंकायची, खिचडी दिली तर केसांना लावायची, केळाचं घर असून केळ बघितलं की तोंड फिरवायची. सून बिचारी वाटी घेऊन फिरून फिरून अर्धी झाली होती. मी तिला म्हणायचे, अगं, भूक लागली की खाईल, आणि मीच दुसरी वाटी भरून पोरीमागे धावायचे.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. खानदेशातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. नारळाला नथ, डोळे, टिकली लावून देवी मांडतात, रविवारी तिचा थाट, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आणि तिचा नैवेद्य म्हणजे रोट. गूळ आणि तूप घालून केलेली जाड पोळी, चांगली खणखणीत, आठ दिवस टिकणारी. त्या रोटांचे गहू मापानं घेत नाहीत. घरात जितके पुरुष तितक्या मुठी, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. बाईच्या नावाची मूठ नसते. रोट भाऊबंदकीच्या, म्हणजे कुळाच्या, बाहेर द्यायचा नाही, बाहेरच्याचा घ्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचा. लेकींना लग्नाआधी बापाच्या वाट्यातला तुकडा मिळतो. लग्न झालं की तोही बंद. पुनवेला राखी असते, लेकी माहेरी येतात, तोवर टोपली रिकामी करून ठेवायची. माझ्या दोन्ही मुली राखीला येतात. पुरणपोळी खातात, हसतात, बोलतात. रिकामी टोपली फळीवर उलटी घालताना दरवर्षी माझा जीव जळायचा, पण मी काही बोलले नव्हते.

जेठाणी गेल्यापासून गहू टाकायचं काम माझ्याकडे आलं. आबा खाटेवर बसून एकेक नाव घेतात आणि मी सुपात मूठ टाकते. त्या शनिवारी तसंच चाललं होतं. चुलतसासऱ्यांपासून सुरुवात झाली, मग आबा, मग हे, मग मुलं, नातवंडं. अकरावं नाव आलं आबांच्या नातवाचं. तो जूनमध्ये जन्मलेला, दोन महिन्यांचा. मान धरत नव्हता, दात तर सोडाच. मी त्याची सव्वा मूठ टाकली, आनंदानंच टाकली, माझाही तो नातूच. आबा म्हणाले, झालं. आणि नेमकं तेव्हाच माझी नात पळत आली, सुपात हात घातला आणि गहू अंगणभर उधळले. सगळे तिच्यावर ओरडले. ती घाबरून माझ्या मांडीवर येऊन बसली, आणि माझं डोकं सटकलं.

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं मी तिला मांडीवर धरून तिच्याशीच बोलायला लागले. म्हटलं, बाई गं, तुला पाय आहेत, दात आहेत, तू घरभर फिरतेस, आणि तुझं नाव सुपात नाही. ज्याला अजून कूस बदलता येत नाही त्याचं आहे. विचार तुझ्या आबांना, असं का?

आबांनी आधी ऐकलं नाही असं दाखवलं. मग आढ्याकडे बघत ते आमच्या अहिराणीत बोलले, "पोर परका घरनी शे. तिना नावनी मूठ पडत नही."

यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. तीच चूक झाली. कोणी गप्प बस म्हटलं की मला गप्प बसता येत नाही. मी नातीला म्हटलं, विचार, त्या बाळाचा रोट कोण खाणार? आबा म्हणाले, त्याचा बाप खाईल, रीतच आहे. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मी पोरीच्या वतीनं बोलून गेले, "सांग तुन्हा आबाले, मन्हा रोट मी सोता खासू. पुनवना आत."

सुनेनं कपाळाला हात लावला, तो मला दिसला. आबांनी सुपाकडे बघितलं. मला वाटतं, त्यांनाही गंमत वाटली असावी, कारण नात काही खात नाही हे सगळ्या घराला माहीत होतं. ते म्हणाले, "खाऊ दे मंग. पन पुरा." तिनं पुरा खाल्ला तर दरवर्षी मूठ पडेल. नाही तर हा विषय पुन्हा घरात निघायचा नाही.

मी बारावी मूठ टाकली. वर चिमटीनं पाव मूठही टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आता कळलं. पोर वाटीभर खिचडी खात नाही आणि मी तिच्या नावानं जाड रोटाची पैज लावून बसले होते. ती हरली असती तर तिच्यानंतर येणाऱ्या पोरीचीही वाट मीच बंद केली असती, माझ्या तोंडानं.

रविवारी मात्र सगळं विसरायला झालं. कानबाईपुढे नात ताट वाजवत नाचली. सोमवारी प्रकाशा गावाला तापीवर विसर्जनाला गेलो तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून तिनं सगळ्या वाजंत्रीला हातवारे केले. गुलालानं तिची पापणीसुद्धा दिसत नव्हती. बाया तिचं तोंड पुसायला धावल्या, तर तिनं त्यांच्याच लुगड्यांना तोंड पुसलं. इतकं हसलो आम्ही, की घाटावर कानबाईला नमस्कार करताना मी मागायचं ते विसरले. परत येताना आठवलं. मग गाडीतूनच हात जोडले.

तिचा रोट मी वेगळा केला होता, वर अंगठ्याचा खळगा करून, म्हणजे दुसऱ्याशी गल्लत नको. सोमवारी संध्याकाळी पहिला तुकडा दुधात कुस्करून दिला. तिनं जिभेवर घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश सगळा बाहेर काढला. मंगळवारी तुपात परतून दिला, तेच. बुधवारी सून गाणी म्हणत होती, मुलगा माकडासारख्या उड्या मारत होता, हे मांजर होऊन म्याव म्याव करत होते, आणि तेवढ्यात नखाएवढा तुकडा पोटात गेला. साठीला टेकलेला माणूस ओसरीवर म्याव करतोय हे बघून रस्त्यावरची बाई थांबली. मी तिला म्हटलं, जा, काही नाही, आमच्या घरी देवीचं काम चाललंय.

आबा रोज सकाळ-संध्याकाळ टोपलीपाशी येऊन उरलेला रोट बघून जायचे. ते बघणं मला झोंबायचं.

उपाय सापडला तो सुनेला. गुरुवारी दुपारी तिनं मला हात धरून दाराआड उभं केलं. नात टोपलीतून आबांच्या वाट्याचा रोट काढून कोपऱ्यात बसली होती आणि कुरतडत होती. कोणी दिलेलं तिला नको होतं, चोरलेलं हवं होतं. मी धावत जाऊन आबांचा रोट तिच्या हातातून काढला. तिनं घर डोक्यावर घेतलं. मग आम्ही तिचा रोट खालच्या फळीवर ठेवला, वर ताट झाकलं, आणि मी सगळ्यांसमोर तिला दटावलं, खबरदार हात लावलास तर. पाठ फिरवली, आणि कडाम असा ताट पडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा मुलाची नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

शुक्रवारी, शनिवारी घरात एकच काम होतं. रोट लपवायचा, पोरीला दटावायचं, आणि पाठ फिरवायची. पिठाच्या डब्यामागे लपवला, उशीखाली लपवला, यांच्या टोपीखाली लपवला. दर वेळी तिनं शोधला आणि तोंड भरून खाल्ला. रविवारी सकाळी दोन बोटं रुंद तुकडा राहिला होता. दुसऱ्या दिवशी पुनव. मी सुनेला म्हटलं, जिंकलो गं आपण. तिनं मला मिठी मारली. सून झाल्यापासून पहिल्यांदा.

संध्याकाळी आबा ओसरीवर खाटेवर बसले होते. मी शेवटचा तुकडा त्यांच्या समोरच्या कोनाड्यात ठेवला, त्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. नातीनं तो उचलला. तोंडापाशी नेला. आणि तिनं काय करावं? पळत खाटेकडे गेली, आबांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि तो तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. लहान पोरांची ही सवय असते, आवडता घास दुसऱ्याला भरवायची. आबांनी तो सवयीनं चघळला आणि ते गिळून मोकळे झाले. मग त्यांच्या लक्षात आलं.

सुनेच्या तोंडातून हुंदका निघाला. पुरा म्हणजे पुरा, असं ठरलं होतं, आणि शेवटचा घास तिच्या पोटात गेला नव्हता. आबाही गोंधळले होते. ओठांवरचा भुगा पुसत ते इकडेतिकडे बघत होते. आणि त्यांचा तो भुगा बघून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पदर सावरला, पण या वेळी मधे कोणाला धरलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

"आबा, परका घरना रोट तुम्ही खादा?"

बाहेरच्याचा रोट आपण घेत नाही, ही रीत त्यांनीच आम्हाला शिकवली होती. भाऊबंदकीच्या माणसाचा घेतो. म्हणजे एक तर ही पोर भाऊबंदकीची, नाही तर आबांनी या वयात कानबाईची रीत मोडली. तिसरं काही नव्हतं. हे उठून आत निघून गेले, भावाचं तोंड बघवेना म्हणून. मी हलले नाही. आबांनी तांब्या उचलला, पाणी प्याले, मिशा पुसल्या. मग नातीला मांडीवर घेऊन म्हणाले की तुझी आजी शहाद्याच्या कोर्टात पाहिजे होती, इथे चुलीपाशी वाया गेली. आणि हसले. खदाखदा हसले. मी घरात जाऊन देवापुढे दिवा लावला आणि मग खुशाल रडले.

पुढच्या श्रावणात पुन्हा शनिवार आला. आबा खाटेवर, मी सुपापाशी, नात माझ्या मांडीवर. आता ती अडीच वर्षांची, बडबडी. अकरा नावं झाली. बारावं नाव आबांनी स्वतः घेतलं, तिचं. ती म्हणाली, मी टाकते, आणि तिच्या एवढ्याशा मुठीनं गहू टाकले. मी माझ्या मुठीनं भर घातली. आता ते झालं म्हणतील म्हणून मी सूप उचललं. पण त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांची मुलगी सुरतला दिली आहे, सत्तावीस वर्षं झाली, दर राखीला येते.

"मन्ही पोरनी बी टाक," ते म्हणाले. थेट मला म्हणाले.

मी तिची टाकली. मग कोणालाही न विचारता माझ्या दोघींच्याही टाकल्या, आणि आबांनी मान हलवली. पंधरा मुठी झाल्या. गहू कमी पडले, कोठीतून पुन्हा काढावे लागले.

त्या आठवड्यात आबांनी सुरतला स्वतः फोन केला. राखीच्या आदल्या दिवशीच ये, म्हणाले, कारण सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी ती उतरली तेव्हा घाबरलेली होती, बापाला काही झालं की काय म्हणून. आबांनी तिला खाटेवर बसवलं, टोपली आणायला लावली, आणि रोट तिच्या हातात ठेवला. तिनं तो घेतला नाही. पन्नाशीची बाई, सुना आलेल्या, पण हात मागे घेतला तिनं, लहान पोरीसारखा. म्हणाली, आबा, हा घरातल्यांचा आहे.

"तुन्हाच वाटाना शे," आबा म्हणाले. "खाय."